देवगिरीचा कोट आणि नरेंद्राची पोथी

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या संचाराचा काळ हा देवगिरीच्या यादवांचा वैभवकाळ होय. महादेवराय व रामदेवराय ही नावे लीळाचरित्राच्या अभ्यासकास परिचित आहेत. त्या राजांची नगरी कशी होती व तिचे पुढे काय झाले, हे जाणल्याने लीळांचा काळ समजतो आणि विचारशील साधकास बोधही लाभतो.

पाचव्या भिल्लमाने इ. स. ११८७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी केली. सुमारे २०० मीटर उंचीचा एकाकी डोंगर हा या दुर्गाचा गाभा. त्याचा पायथ्याकडील कडा चहूबाजूंनी भिंतीसारखा उभा तासला असून त्याभोवती खडकात कोरलेला खंदक आहे. खंदकावरून जाण्यास एकच चिंचोळी वाट. तिच्यापुढे खडकातून वर चढणारा वळणावळणाचा काळोखी मार्ग लागतो. त्यास ‘अंधेरी’ म्हणतात. त्याच्या वरच्या तोंडाशी अग्नी पेटवून शत्रूस धुराने कोंडण्याची योजना होती. डोंगराखालील वस्तीस अंबरकोट, महाकोट व कालाकोट असे तट आहेत. आज दिसणारे तटांचे बरेच बांधकाम मात्र यादवांनंतरच्या राजवटींचे आहे.

असा हा दुर्ग इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढला. युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. कडा कोणी चढला नाही, खंदकही कोणी ओलांडला नाही. परंतु धान्याची म्हणून गडावर घेतलेली पोती मिठाची निघाली, असे इतिहासकार सांगतात. रामदेवरायास अपार द्रव्य देऊन तह करावा लागला. इ. स. १३१८ मध्ये हरपाळदेवाच्या वधाबरोबर यादवसत्ता संपली आणि इ. स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तेथे राजधानी आणली. देवगिरीचे दौलताबाद झाले.

याच राजसभेतील एक वार्ता स्मृतिस्थळात आहे. कवी नरेंद्राने आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ रामदेवरायास ऐकविले. ग्रंथावर आपले नाव घालावे, अशी इच्छा रायाने धरली व त्यासाठी सुवर्ण देऊ केले. नरेंद्राने ते नाकारले. कवित्व विकल्याने कविकुळास दूषण लागेल, हा त्याचा विचार. पुढे तो श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निधानी आला.

येथे दोन रक्षणे समोरासमोर उभी राहतात. राजाने रक्षणार्थ पाषाण तासला, तरी त्याचे राज्य गेले. पोथीस ना तट होता ना खंदक. अटन करणाऱ्या भिक्षूंनी ती झोळीतून वाहिली, सकळ लिपीत उतरली, मठामठांतून जपली; म्हणून ती आजही वाचावयास मिळते.

तथापि पोथी आपोआप टिकत नाही, हेही ध्यानी घ्यावे. गडावर पोती होती, पण ती उघडून कोणी पाहिली नव्हती. आपल्या मठांतील व घरांतील पोथ्याही केवळ रुमालात बांधून पूजिल्या गेल्या, तर त्यांची गती निराळी होणार नाही. त्या सोडाव्या, वाचाव्या, त्यांतील अर्थ आचारात आणावा. वासनिक असो वा भिक्षू, प्रत्येकाने आपले पोते वेढा पडण्यापूर्वीच तपासावे.