आधी प्रकाश, मग कॅमेरा
अहमदाबाद येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत चित्रपट व व्हिडिओ हाही अभ्यासविषय आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याने प्रथम प्रकाश ओळखावयाचा असतो. मुख्य दिवा वस्तूचा आकार दाखवितो, पूरक दिवा सावली सौम्य करतो, तर मागील दिवा वस्तूला पार्श्वभूमीपासून वेगळे करतो. कुंभाराचे काम चित्रित करताना बोटे अंधारात राहिली, तर मडके दिसते. घडविण्याची कृती मात्र कळत नाही. संकलक दृश्यांचा क्रम व लांबी ठरवितो. न टिपलेली कृती तो निर्माण करू शकत नाही. वृद्ध कारागिराबरोबर त्याची विद्याही लोपू शकते. म्हणून गावातील हस्तव्यवसायांची नोंद करणाऱ्या शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनीही कारागिराच्या हातांवर प्रकाश आहे ना, हे आधी पाहावे.