वासरू तासाभरात उभं, मग नातू वर्षभर का पडतो?

प्रश्न : आमच्या गाईचं वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहिलं. नातू अकरा महिन्यांचा झाला, तरी दोन पावलं टाकली की धप्पकन बसतो. मुलगा म्हणतो, तोल सांभाळणारा लहान मेंदू अजून तयार होतोय. जन्मानंतरही मेंदूत पेशी नव्याने होतात का? झालेल्या सगळ्या टिकतात का? आणि वॉकर आणावा का?
— एक आजी, सासवड

उत्तर : आजी, मुलाचं बरंचसं बरोबर आहे. स्नायूंनाही बळ यावं लागतं, पण लहान मेंदूचं काम खरंच चालू आहे. वासराचा लहान मेंदू जन्मतानाच बराच पुढे गेलेला असतो. माणसाच्या बाळात मात्र त्याच्या पृष्ठभागावर नव्या चेतापेशी जन्मानंतरही होत राहतात, साधारण वर्षभर.

त्यांना कणिकापेशी म्हणतात. नाव क्षुल्लक, संख्या अफाट. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या ६९ अब्जांच्या आसपास एकट्या लहान मेंदूत, आणि त्याचं वजन एकूण मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं!

इतक्या पेशी करायच्या, हे ठरवतं कोण? त्यांच्या खालच्या थरातल्या पुर्किन्ये पेशी. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. वहीत ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी आठवा. या पेशीच्या फांद्या तशाच चपट्या, एका पातळीत पसरलेल्या. तिच्यातून एक प्रथिन पाझरतं आणि वरच्या पेशी भराभर विभागू लागतात. प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग. हो, व्हिडिओ गेममधलाच तो! (शास्त्रज्ञांनाही पोरं असतात.) हा इशारा वेळेवर थांबला नाही, तर मुलांमध्ये मेड्युलोब्लास्टोमा नावाचा मेंदूचा कर्करोग होऊ शकतो.

तयार झालेली कणिकापेशी मग आधारपेशीच्या लांब धाग्याला धरून खाली उतरते, विहिरीत दोर धरून उतरावं तशी. स्वतःचा तंतू मात्र वरच ठेवते. तो त्या पिंपळजाळ्यांतून आडवा जातो आणि वाटेतल्या पुर्किन्ये पेशींशी जोडला जातो.

आता टिकण्याचं. सगळ्या टिकत नाहीत. लर्चर नावाच्या उंदरांत एका जनुकातल्या दोषाने पुर्किन्ये पेशी मरतात. कणिकापेशींत तो दोष काहीच करत नाही, तरी मागोमाग त्यांतल्याही बहुतेक मरतात. ज्यांना निरोप पोचवायचा त्या पुर्किन्ये पेशीच उरल्या नाहीत, एवढंच कारण. निरोप मिळणंही तितकंच गरजेचं. उंदराच्या पिलाच्या कणिकापेशी काचेच्या बशीत साध्या द्रावणात वाढवल्या, तर काही दिवसांत मरतात. द्रावणात पोटॅशियम वाढवलं की तग धरतात. वाढलेल्या पोटॅशियममुळे पेशी सतत उत्तेजित राहते, आत कॅल्शियम येत राहतं, आणि आपल्याला काम आहे अशी तिची समजूत होते. मला तर ही बशी कुठल्याही सूक्ष्मदर्शकाच्या चित्रापेक्षा जास्त सांगून जाते.

राहिला वॉकर. आणू नका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून गडगडायचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. नातवाला सतरंजीवर सोडा, पडू द्या, उठू द्या. दीड वर्षाचा होऊनही चालला नाही, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.