पंढरपूरला जाऊन यायला किती लागतात?

पंढरपूरला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "पैसे किती घेऊ?" याचं उत्तर द्यायच्या आधी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघते. एकादशी कधी आहे, शनिवार-रविवार कधी येतोय, हे बघितल्याशिवाय पंढरपूरचा हिशेब मांडताच येत नाही. जी खोली पंचमीच्या मंगळवारी हजाराला मिळते, तिचा भाव दशमीच्या संध्याकाळी मालक तुमच्या तोंडाकडे बघून सांगतो. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांचं तर बोलूच नका. तेव्हा खोलीचा भाव विचारायचा नसतो, खोली आहे का एवढंच विचारायचं. म्हणून इथला सगळा हिशेब साध्या दिवसाचा आहे. दोन माणसं, एक मुक्काम.

एसटीपासून सुरुवात करू. साध्या बसचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एका टप्प्याला १० रुपयांच्या आसपास पडतात. पुणे ते पंढरपूर अंदाजे २१० किलोमीटर धरा, म्हणजे ३५ टप्पे, साडेतीनशे रुपये. सोलापूरहून सव्वाशेच्या आत काम होतं. बायकांना निम्मं तिकीट, पासष्ट ते पंच्याहत्तरमधल्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना काहीच नाही. आधार कार्ड मात्र बरोबर हवं. गेल्या खेपेला मी आणि आई गेलो. आई अठ्ठ्याहत्तरची. कंडक्टरने मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं. तिने ते नीट घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, अजून तिथेच आहे. दोघींचं मिळून जाण्याचं भाडं झालं १७५ रुपयांच्या आसपास. तेवढ्यात पुण्यात स्वारगेटपर्यंत रिक्षा मिळाली तरी खूप.

स्वतःची गाडी काढली तर जाऊन-येऊन ४२० किलोमीटर. लिटरला १५ चं ॲव्हरेज धरलं तर २८ लिटर पेट्रोल, म्हणजे तीन हजारांच्या घरात. सोलापूर रस्त्याने टेंभुर्णीपर्यंत पाटस आणि सरडेवाडीचा टोल वेगळा. गाडीत चौघं-पाचजण असतील, एखाद्याचे गुडघे दुखत असतील, तर जरूर न्या. दोघांसाठी नेलीत तर बाकीच्या सगळ्या यात्रेला लागतं तेवढं नुसत्या पेट्रोललाच जाईल. रेल्वेने जायचं तर मुंबई-सोलापूर मार्गावर कुर्डुवाडीला उतरून मिरजेकडची गाडी धरायची. तिकीट किरकोळ, पण दोन गाड्यांच्या वेळा जुळत नसतील तर कुर्डुवाडीच्या फलाटावर अर्धा दिवस जातो. वेळापत्रक बघून ठरवा.

राहायला मंदिर समितीची भक्तनिवासं आहेत. दोघांची साधी खोली हजाराच्या आत-बाहेर पडते, एसी घेतली की वर. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची पंढरपुरातही शाखा आहे. तिथली स्वच्छता बघितली की घरच्या मोरीची लाज वाटते. पण खोली रिकामी असेल तर, म्हणून सकाळी लवकर पोहोचलेलं बरं. मठ आणि धर्मशाळा त्याहून स्वस्त, काही ठिकाणी तर यथाशक्ती देणगी. मात्र पैसे देण्याआधी संडास बघून या. खासगी लॉजवर पहिला भाव ऐकून "बघतो" म्हणत दोन पावलं मागे सरका. साध्या दिवशी दोनशे रुपये तिथल्या तिथे उतरतात.

आता मुख्य गोष्ट. विठोबाच्या दर्शनाला एक पैसा लागत नाही. पायांवर डोकं ठेवायचं ते पदस्पर्श दर्शन आणि लांबून बघायचं ते मुखदर्शन, दोन्ही फुकट. पदस्पर्शाला साध्या दिवशी दोन-तीन तास धरा. आषाढीला ही रांग गोपाळपूरपर्यंत जाते आणि अख्खा दिवस-रात्र खाते. मुखदर्शन अर्ध्या-पाऊण तासात होतं. तेव्हा इथे जे काही विकलं जातं ते दर्शन नसतं, वाचणारा वेळ असतो. आम्ही रांगेच्या तोंडाशी पोहोचतो न पोहोचतो तोच एक पांढऱ्या टोपीचा माणूस आईजवळ आला. "माऊली, आजींना कुठं उभं करता एवढा वेळ? वीस मिनिटांत पायाशी नेतो. दोघींचे मिळून काय ते द्या." काय ते म्हणजे किती, असं आईनेच विचारलं. आकडा ऐकल्यावर ती म्हणाली, "एवढ्यात तर मी चार वेळा येऊन जाईन." आणि मुखदर्शनाच्या रांगेकडे चालायला लागली.

असे पैसे कुणाला देऊ नका. गैर तर आहेच, शिवाय पावती नसते आणि माणूस पुन्हा दिसत नाही. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणाऱ्या १९७३ च्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. मंदिराचा कारभार समितीकडे आहे, गाभाऱ्यातले पुजारीही समितीचे. त्यामुळे आत कुणाच्या हातावर दक्षिणा ठेवायची सक्ती नाही. द्यायचंच असेल तर हुंडीत टाका किंवा देणगीच्या काउंटरवर पावती करा. पाद्यपूजा, तुळशी अर्चन यांसारख्या पूजांना मात्र हजारांत पैसे लागतात. त्या समितीच्याच कार्यालयात ठरवायच्या, मधल्या माणसाकरवी नाही.

खिसा कापला जातो तो देवळाच्या बाहेर, तोही गोड बोलून. "चपला इथं ठेवा, फुकट आहे." चपला ठेवल्या की हातात ताट येतं. नारळ, तुळशीची माळ, बुक्क्याची पुडी, अगरबत्ती, खडीसाखर, एखादा हार. "पैसे येताना द्या." येताना प्रत्येक जिन्नस वेगळा मोजला जातो आणि पन्नासाचं ताट अडीचशेचं होतं. ताट हातात घ्यायच्या आधी एकच वाक्य म्हणा, "सगळ्याचे मिळून किती?" विठोबाला तुळशीची माळ पुरते, ती दहा-वीस रुपयांना मिळते. चपला आणि मोबाईल खोलीवरच ठेवून आलात तर स्टँडचे आणि लॉकरचेही पैसे वाचतात. चटके बसतात हे खरं, म्हणून उन्हाळ्यात पहाटेच जा.

चंद्रभागा म्हणजे भीमाच. इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून हे नाव. स्नान फुकट, पण वाळूउपशाने पात्रात खड्डे झालेत. गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नका, पोहता येत असेल तरीही. उन्हाळ्यात पाणी कधी कधी इतकं खाली जातं की पुंडलिकाच्या देवळापर्यंत कोरड्या पायांनी जाता येतं. वारीला उजनी धरणातून पाणी सोडावं लागतं ते त्यासाठीच. पाणी असलं की विष्णुपदापर्यंत होडी करा. आम्हाला माणशी शंभर सांगितले, सत्तरला ठरलं. जाऊन-येऊन की फक्त जायचे, हे होडीत पाय टाकण्याआधी बोलून घ्या. हीच एक चैन मी दरवेळी करते. पाण्यातून मागे वळून घाट बघितला की रांगेतला सगळा शीण जातो.

जेवणाला हात आखडू नका आणि सोडूही नका. समितीच्या अन्नछत्रात फुकट, साध्या खानावळीत दीडशेच्या आसपास थाळी. तर बेरीज अशी: बायको निम्म्या तिकिटात धरून पुण्याहून दोघांची एसटी हजार-अकराशे, खोली हजार, खाणंपिणं सातशे, होडी, माळ आणि प्रसाद मिळून तीनशे. तीन हजार, फार तर सव्वातीन. सुट्टे पैसे न्या, दहाच्या नोटांची गड्डी असली तर उत्तम.

खरेदीत चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का घेतल्याशिवाय कुणी परतत नाही, ते काही महाग नाही. जपायचं ते गळ्यात घालायच्या तुळशीच्या मण्यांच्या माळेला. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या या माळा करतात. आई एका दुकानाच्या पायरीवर बसून बघत राहिली. वाळलेली काडी, तिचे तुकडे, मग एकेक मणी तासून भोक पाडलेला. ढिगातल्या एकसारख्या गुळगुळीत माळा बहुतेक वेळा दुसऱ्याच लाकडाच्या असतात. आईने विचारलं, "यातली खरी तुळशीची कुठली?" बाईने समोरच्या ढिगाला हातही लावला नाही. मागच्या डब्यातून एक काढली, वजनाला हलकी, मणी थोडे वाकडेतिकडे. दीडशे रुपये. घासाघीस करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने पर्स उघडून पैसे मोजले. "तिकिटाचे वाचलेत ना," ती म्हणाली.