विरघळणारी परांची

घर बांधताना गवंडी प्रथम बांबूंची परांची उभारतो, तिच्या आधाराने चिऱ्यावर चिरा चढवितो, आणि भिंत आपल्या बळावर उभी राहिली की परांची उतरवून टाकतो. काम झाल्यावर आधार दूर करावा, हा बांधकामाचा जुना नियम होय. हाच नियम मानवी हृदयाच्या रोहिणीस लागू करता येईल काय, असा प्रश्न वैद्यकशास्त्राने विचारला. त्या प्रश्नाची हकीकत बोधप्रद आहे. कारण तीत आशा आहे, निराशा आहे आणि निराशेतून मिळालेला धडाही आहे.

विद्यार्थी मित्रहो, हृदय सर्व शरीरास रक्त पुरविते; परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूस रक्त मिळते ते महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्यांकडून. त्यांची रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर असते. त्यांच्या भित्तीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो व मार्ग अरुंद होतो. एखादे वेळी हा थर अकस्मात फुटतो, तेथे रक्ताची गुठळी जमते आणि प्रवाह थांबतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

हा मार्ग शस्त्रक्रियेवाचून मोकळा करण्याची युक्ती आन्द्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी योजिली. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिक येथे त्यांनी बारीक नळीच्या टोकावरील फुगा हृदयाच्या रोहिणीत नेऊन फुगविला व ती रुंद केली. परंतु फुगा काढल्यावर कित्येकांची रोहिणी पुन्हा आकुंचन पावे. म्हणून 1986 साली फ्रान्समधील तूलूझ येथे प्रथमच धातूची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, आत बसविण्यात आली. पुढे जाळीभोवती पेशींची अतिरिक्त वाढ होऊन मार्ग पुन्हा बुजू लागला, तेव्हा ती वाढ रोखणारे औषध जाळीवर चढविण्यात आले. अशा औषधयुक्त जाळ्या 2002-03 च्या सुमारास युरोप व अमेरिकेत प्रचारात आल्या.

तरीही एक उणीव राहिलीच. रोहिणीला आधाराची गरज असते ती काही महिन्यांपुरती. धातू मात्र आजन्म तेथेच राहतो. त्यामुळे रोहिणीचा तो भाग नैसर्गिकपणे प्रसरण-आकुंचन पावू शकत नाही, आणि पुढील प्रत्येक वर्षी गुठळीचा थोडा धोका शिल्लक राहतो. मग परांचीच आपोआप विरघळणारी असेल तर?

यासाठी पॉलिलॅक्टिक आम्ल हा पदार्थ उपयोगी पडला. दह्यातील आंबटपणा ज्या आम्लामुळे येतो, त्याच लॅक्टिक आम्लाचे असंख्य कण साखळीसारखे जोडून तो बनतो. शरीरातील पाण्याने ही साखळी हळूहळू तुटते आणि शेवटी कर्बद्विप्राणिल वायू व पाणी एवढेच उरते. जपानमध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीस अशी जाळी मनुष्यावर प्रथम वापरली गेली. 2006 साली ‘ॲबसॉर्ब’ नावाच्या जाळीची तीस रुग्णांवर परीक्षा सुरू झाली. ती सुमारे तीन वर्षांत नाहीशी होई. 2011 साली युरोपात व जुलै 2016 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. हृदयचिकित्सेत नवे युग उगवले, असे अनेकांस वाटले.

परंतु परीक्षेच्या कसोटीस ती उतरली नाही. नेदरलँड्समधील सुमारे अठराशे रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासाचा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत जाळीत गुठळी होण्याचे प्रमाण विरघळणाऱ्या जाळीत शेकडा 3.5, तर धातूच्या जाळीत शेकडा 0.9 आढळले. कारण विचार करण्याजोगे आहे. हा पदार्थ धातूइतका बळकट नसल्याने जाळीच्या काड्या सुमारे 150 मायक्रॉन जाड, म्हणजे धातूच्या नव्या जाळीच्या जवळजवळ दुप्पट, कराव्या लागल्या. ओढ्यात जाड खांब रोवला की पाण्यास भोवरे पडतात. तसेच रक्ताचे झाले. शिवाय विरघळताना काही काड्या सुटून प्रवाहात डोकावत. सप्टेंबर 2017 मध्ये या जाळीची विक्री बंद करण्यात आली.

येथेच कथा संपली असे मात्र नाही. पुढील निरीक्षणांत असे दिसले, की जादा धोका मुख्यतः पहिल्या तीन वर्षांपुरता, जाळी शिल्लक असेपर्यंतच होता. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती, काड्या जाड होत्या. गुजरातेत वापी येथील मेरिल या कंपनीने 100 मायक्रॉन जाडीची जाळी बनविली व 2015-16 मध्ये भारतातील 108 रुग्णांवर तिची पहिली परीक्षा झाली. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेने गुडघ्याखालील रोहिण्यांसाठी अशाच बारीक काड्यांच्या जाळीस मान्यता दिली.

किमतीचा प्रश्नही लहान नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये भारत सरकारने साध्या धातूच्या जाळीस 7,260 रुपये, आणि औषधयुक्त तसेच विरघळणाऱ्या जाळीस 29,600 रुपये अशी कर वगळून कमाल मर्यादा घातली. नवे म्हणून अधिक मोल घेण्यास त्यामुळे आळा बसला.

मोरजीच्या वाचकास यातून काय घ्यावयाचे? जाळी कोणतीही असो, ती वेळेवर बसली तरच उपयोगी. मोरजीहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठण्यास शापोरा व मांडवी या दोन नद्या ओलांडाव्या लागतात. आणि प्रवाह थांबल्यावर दर मिनिटास हृदयाचा स्नायू मरत असतो. म्हणून छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम, यांपैकी काही जाणवताच ‘वायू झाला असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. तत्काळ 108 क्रमांकास दूरध्वनी करावा व जवळच्या आरोग्य केंद्रात हृदयाचा विद्युत्-आलेख काढून घ्यावा. घरातील वडीलधाऱ्यांस हे सांगणे विद्यार्थ्यांच्या हातचे आहे.

दुसरा धडा शास्त्राचा. सुंदर कल्पना ही सिद्ध कल्पना नव्हे. तिची परीक्षा घ्यावी, प्रतिकूल निकाल लपवू नये आणि दोष शोधून पुन्हा कामास लागावे. तंबाखू वर्ज्य करून, नित्य चालून व रक्तदाब तपासून ज्यांनी आपल्या रोहिण्या निकोप राखल्या, त्यांना तर बहुधा कोणत्याच परांचीची गरज पडणार नाही.