आजार हा ऐब नव्हे

चार वर्षांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. मुलीच्या कोपराजवळ फिकट चट्टा आला होता. तेथे चिमटा काढला तरी तिला कळत नसे. त्यांनी पाण्यावर दम करून मागितला आणि जाताना विनवले, ‘मौलाना, कुणाला कळू देऊ नका, स्थळे येत आहेत.’ मी दम केला, दुआ केली. दवाखान्यात दाखवले का, एवढे विचारायचे मात्र राहून गेले. पुढे तिची करंगळी व अनामिका वाकली, तेव्हा निदान झाले: कुष्ठरोग.

वाचकहो, त्या पित्याला वाटत होते की आपण लेकीचा ऐब झाकतो आहोत. दुसऱ्याचे दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह झाकतो, ही शिकवण आपण सारेच ऐकत आलो आहोत. पण ती पापांविषयी व चुकांविषयी आहे. आजार हे पाप नव्हे. हजरत अय्यूब (अलै.) तर नबी होते! आणि उपचार करावेत काय, असे वाळवंटातील लोकांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अवश्य करा असेच सांगितले, वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीला अल्लाहने औषध दिले आहे, हेही सांगितले.

कुणी म्हणेल, कुष्ठरोग्यापासून दूर राहण्याची ताकीद बुखारीत आहे, तिचे काय? ती ताकीद सावधगिरीची आहे, तिरस्काराची नव्हे. बहुविध औषधोपचार सुरू झाला की थोड्याच काळात त्या रुग्णापासून लागण होण्याची भीती उरत नाही. भीती असते ती लाजेपायी औषधच सुरू न केलेल्याची.

हे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. चट्टा दिसताच येणाऱ्याला बहुधा तेवढे पुरते. उशिरा येणाऱ्याला हातापायांचे व्यायाम, कधी शस्त्रक्रिया, बधिर तळव्यांवरच्या जखमांची वर्षानुवर्षे मलमपट्टी लागते. डॉक्टरांचा तो वेळ आणि ती खाट दुसऱ्या गरजूच्या वाट्याची असते.

१९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे विवाह मोडून मागण्याचे एक कारण होते. २०१९ मध्ये संसदेने ते वगळले. आपल्या सोयरिकीच्या बैठकांतून ते अजून गेलेले नाही.

त्या मुलीने १२ महिने औषध घेतले, ती रोगमुक्त झाली. बोटे मात्र सरळ झाली नाहीत. आता दम मागायला कुणी आले की मी आधी विचारतो, ‘डॉक्टरांना दाखवलेत का?’