पाव, पाऊण आणि पावणेतीन

भाकरीचे चार सारखे तुकडे केले. त्यांतला एक म्हणजे चतकोर. चतकोर म्हणजेच पाव भाग. तो आपण असा लिहितो : १/४.

रेघेखालचा ४ सांगतो, वाटे किती केले. हा छेद. रेघेवरचा १ सांगतो, त्यांतले किती घेतले. हा अंश. दोन चतकोर घेतले की झाली अर्धी भाकर, २/४ म्हणजेच १/२. तीन घेतले की पाऊण, ३/४.

एक गोष्ट ध्यानात ठेवू. वाटे जास्त, तर वाटा लहान. म्हणून १/८ हा १/४ पेक्षा लहान आहे. ८ चा आकडा मोठा दिसतो, त्याला भुलायचे नाही.

आता अपूर्णांकांचे प्रकार पाहू.

छेद मोठा असेल, तर तो छेदाधिक अपूर्णांक. जसे १/२, ३/४. हे एकापेक्षा कमी.

अंश मोठा असेल, तर तो अंशाधिक अपूर्णांक. जसे ५/४. पाच चतकोर म्हणजे एक अख्खी भाकर आणि वर एक चतकोर.

तेच १ १/४ असे लिहिले, की झाला पूर्णांकयुक्त अपूर्णांक. यालाच आपण सव्वा म्हणतो.

सव्वा म्हणजे पाव जास्त. साडे म्हणजे अर्धा जास्त. पावणे म्हणजे पाव कमी.

सव्वादोन : २ १/४
अडीच : २ १/२
पावणेतीन : २ ३/४

पावणेतीन बोलताना तीन म्हणतो, पण लिहिताना आधी २ येतो. घोटाळा होतो तो इथेच.

नंदुरबारचा बाजार लाल मिरचीसाठी नावाजलेला. समजा, आपण तिथे ओली मिरची नेली. काट्यावर पावणेतीन क्विंटल भरली, म्हणजे २७५ किलो. चिठ्ठीवर मात्र २ १/४ लिहिले, म्हणजे २२५ किलो. ३ च्या जागी १ पडला, एवढेच. पण ५० किलो मिरची गेली! किलोला ३० रुपये भाव धरला, तरी दीड हजार रुपये गेले.

लिहिणाऱ्याची चूक असेल, नसेलही. पण आता आपल्याला वाचता येते. पैसे घेण्याआधी चिठ्ठी वाचू या. अंश पाहू, छेद पाहू, मग पुढचे.

सोडवून पाहा
१. साडेतीन आकड्यांत लिहा.
२. ७/४ ला बोलताना काय म्हणतो?
३. सव्वा क्विंटल म्हणजे किती किलो?

उत्तरे : १. ३ १/२. २. पावणेदोन. ३. १२५ किलो.