दारावर नाव, कागदावरही नाव

नाचणगावच्या ताईंनो, ब्लाऊज शिवून उरलेल्या चिंध्या फेकू नका. त्यातून घराच्या दारासाठी छान कापडी नाव तयार होतं.

१. जाड पुठ्ठ्यावर चार इंच उंच अक्षरं काढून सुटी कापा. शिरोरेषेची लांब पट्टी वेगळी कापा.

२. कापड उलटं पसरा. त्यावर अक्षरही उलटं ठेवा, नाहीतर नाव आरशातल्यासारखं दिसेल.

३. कडेनं अर्धा इंच जास्त कापड ठेवा. गोलाईवर छोटे काप द्या, पण पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत नेऊ नका. ‘व’च्या पोटात फुलीसारखा काप द्या अन् टोकं मागे चिकटवा.

४. फेविकॉल पातळच लावा. जास्त झाला की कापडावर डाग उमटतो. रात्रभर वजनाखाली वाळू द्या.

५. शेवटी सगळी अक्षरं शिरोरेषेच्या पट्टीला चिकटवा. पाऊस लागणार नाही तिथं टांगा.

आता सांगा, नाव कुणाचं लावणार? फक्त त्यांचंच? तुमचंही लावा. पण कापडी नाव विटेल, फाटेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवता येतं. त्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आणा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते सगळ्या मिळून वाचू.